विश्लेषण : मुळशीतील बाळाचे वजन कोण ठरवते?

अंगणवाडीच्या काट्यावर बाळ हलके भरले, की पहिला प्रश्न आईला : खातेस तरी काय? प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे.

पुण्याच्या अभ्यासात काय दिसले?

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती व पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. इथले नवजात बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. घट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातील अवयवांत होती. त्वचेखालची चरबी मात्र फारशी घटली नव्हती. दिसायला किरकोळ, आतून मेदयुक्त! सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेट भरपूर पण ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. ब-१२ आणि फोलेट जनुकांवर रासायनिक खुणा उमटवण्याच्या कामी येतात. कोणते जनुक किती काम करणार, हे त्या खुणांवरही ठरते.

यात मुळशी कुठे?

पेशीबाहेर अवयव, मग शरीर, घर, गाव, सरकार. मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९च्या पुस्तकात मुलाभोवतीच्या परिस्थितीचे असेच एकात एक थर मांडले. मूल जिथे कधी पाऊल ठेवत नाही, ते आईवडिलांचे कामाचे ठिकाणही त्यात येते. मुळशीत हे थर उघड्यावर दिसतात. ब-१२ मिळते दूध, अंडी, मासे, मटणातून. दुभत्या जनावराला जमीन आणि चारा लागतो. इथली खोऱ्यातली भातजमीन टाटांच्या धरणात गेली. सेनापती बापटांचा १९२१चा सत्याग्रह त्याविरुद्धच होता. त्या पाण्यावर वीज होते घाटाखाली, भिरा येथे. आजच्या बाळाचे वजन थेट धरणाच्या खात्यावर टाकता येणार नाही, पण घरात दूध का नाही याचे उत्तर फक्त चुलीपाशी शोधूनही चालणार नाही. आयटी पार्कचे हिंजवडी याच तालुक्यात आहे. कातकरी वस्तीतले बाळ आणि तिथल्या सोसायटीतले बाळ तालुक्याच्या एकाच सरासरीत मोजले, तर दोघांचेही काही कळत नाही.

सरकारी गोळी पुरेशी आहे?

लोह-फॉलिक ॲसिडच्या सरकारी गोळीत ब-१२ नसते. गोळी हवीच, तिला ब-१२ची जोड हवी, आणि तीही गर्भारपणाच्या आधी. याज्ञिक यांच्या गटाने याच अभ्यासातील मुले किशोरवयात आल्यावर, २०१२मध्ये, त्यांना ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू केला. राज्य सरकारने मात्र शालेय पोषण आहारात २०२३मध्ये अंडे आणले आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबवला. तो आधी पूर्ववत करावा.