नाकवाली गाडी

जुन्या मोटारी मिरवतात. ट्रक मात्र थेट भंगारात. म्हणून हा अंक.

आजोबांचा ट्रक टाटा-मर्सिडीज, पुढे लांब नाक असलेला. जमशेदपूरला हे ट्रक १९५४पासून बनू लागले. १९६९मध्ये जर्मन करार संपला, तीन टोकांचा तारा गेला आणि ‘टी’ आला. आजोबा शेवटपर्यंत ‘मर्शिडी’च म्हणत. लासलगावचा कांदा भरून कसारा घाट उतरताना मी क्लीनरच्या मांडीवर असे. पॉवर स्टिअरिंग कुठलं! वळणावर आजोबा सीटवरून अर्धे उठत. दसऱ्याला आधी ट्रकला नैवेद्य, मग आमची पानं. ट्रक विकला त्या दिवशी आजीनं हॉर्नचा रबरी फुगा काढून घेतला. मुखपृष्ठावर आहे, तोच तो.