गांवांतील बेवारशी मांजरें

आमच्या सभासदांपैकीं अनेकांची अलीकडे अशी तक्रार आहे कीं, गांवठाणांत व वस्त्यांवर बेवारशी मांजरांचा उपद्रव फार वाढला आहे. दुधाचें भांडें क्षणभर उघडें ठेवण्याची सोय राहिली नाहीं, कोंबडीचीं पिलें नाहींशीं होतात, आणि रात्रीं बोक्यांच्या भांडणानें झोंप मिळत नाहीं. तक्रार खरी आहे. परंतु तिजवर जे उपाय योजिले जातात ते आम्हांस मान्य नाहींत.

पहिला उपाय पोत्याचा. मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर दान करावें लागतें, ही समजूत आपल्याकडे जुनी. म्हणून स्वतःच्या हातानें सहसा कोणी मारीत नाहीं. पिलें पोत्यांत घालून बाजाराच्या दिवशीं परगांवीं किंवा ओढ्यापलीकडे सोडावयाचीं, कीं झालें! आमच्याही हातून पूर्वीं हें घडलें आहे, तें येथें कबूल करतों. त्या वर्षीं आमच्या खळ्यांतून पांच पिलें गेलीं, आणि पुढल्या पावसाळ्यापूर्वीं त्याच गंजीखालीं दुसरी एक भाटी व्यालेली होती. ती बहुधा शेजारगांवच्या पोत्यांतून आली असावी. जेथें उंदीर व उष्टें अन्न आहे, तेथील जागा रिकामी राहत नाहीं. शिवाय उपासमार होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे.

दुसरा उपाय विषाचा. तोही गुन्हाच; आणि उघड्यावर ठेवलेलें विषारी अन्न मांजरच खाईल, राखणीचा कुत्रा खाणार नाहीं, याची हमी कोण देणार?

खरें मूळ निराळेंच आहे. भाटी पांच-सहा महिन्यांची होतांच गाभण राहूं शकते, सुमारें ९ आठवड्यांनीं विते, आणि पिलें अंगावर पीत असतांनाच पुन्हा गाभण राहण्याचा संभव असतो. तेव्हां तिची प्रजननशक्ति बंद करणें हाच मार्ग. आठ-दहा दिवस ठराविक वेळीं ठराविक जागीं खाणें ठेवावें, मग तेंच पिंजऱ्यांत ठेवावें. मांजर अडकतांच पिंजऱ्यावर कापड टाकावें, म्हणजे तें शांत राहतें. पशुवैद्याशीं दिवस आधींच ठरवावा. भूल दिलेली असतांनाच रेबीजची लस टोंचून घ्यावी व एका कानाचें टोंक कापून घ्यावें. तें पाहून पुढें तेंच मांजर पुन्हा धरलें जात नाहीं. बरें झाल्यावर जेथून धरलें तेथेंच सोडावें. “परत कशाला आणावयाचें?” असें कित्येक विचारतील. तें आपली जागा राखतें व वाढत नाहीं, हेंच उत्तर. मात्र केवळ बोके कापून भागत नाहीं. एक बोका सुटला तरी सर्व भाट्यांस पुरतो. म्हणून आरंभ भाट्यांपासून करावा. लहान पिलें पाजणारी भाटी तेवढी थोडे दिवस वगळावी.

ऊसकऱ्यांस एक सूचना. तोडणीच्या वेळीं फडांत सांपडणारीं पिलें गांवमांजराचींच असतात असें नाहीं. रानमांजर, वाघाटी, क्वचित् बिबट्याही उसांत वितो. तीं पोत्यांत घालून घरीं आणूं नयेत. त्यांस हात न लावतां वनखात्यास कळवावें. आई बहुधा रात्रीं परत येते.

खर्चाचा प्रश्न उरतो. एकट्या घरास तो जड, वस्तीनें वांटून घेतल्यास नाहीं. आमच्या खळ्यांतील भाटीपासून आम्हीं आरंभ केला आहे. पिंजरा संस्थेच्या गोदामांत ठेविला आहे. ज्यास हवा असेल त्यानें न्यावा, आणि धुऊन परत आणावा.