पोरगा एकटाच कांदा घेऊन सोलापूरला निघालाय?

शेतकरी बंधूंनो, रोप कसे टाकावे, करपा आला तर काय फवारावे, कांदा किती सुकवावा, हे आम्ही बांधावर येऊन सांगतो. पण तोच कांदा घेऊन पहिल्यांदा एकट्याने सोलापूर गाठणाऱ्याने ती संध्याकाळ कशी काढावी, हे कोणीच सांगत नाही. आणि हातात किती पैसे पडणार, हे बऱ्याचदा त्या संध्याकाळीच ठरते.

माझ्याकडच्या गावातला एक पोरगा गेल्या हंगामात असाच आला. वय बावीस. वडिलांचे गुडघे धरलेले, म्हणून 80 पिशव्या टेम्पोत टाकून एकटाच निघाला. हैदराबाद रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला. गाड्यांची रांग, हॉर्न, कोणी कानडीत बोलतोय, कोणी तेलुगूत. टेम्पोवाल्याला परतायची घाई. पोटात सकाळच्या भाकरीशिवाय काही नाही, आणि जेवायला जावे तर माल कोण बघणार? अशात चहाच्या गाड्यावर एकजण भेटला. गोड बोलला, "उद्या आवक लई आहे, भाव पडणार. मी आत्ता रोख देतो." पोराने बाहेरच्या बाहेर माल देऊन टाकला. सकाळी लिलावात तसल्याच कांद्याला क्विंटलमागे 200 रुपये जास्त निघाले. 40 क्विंटलचे 8,000 रुपये गेले. घरी त्याने अजून सांगितलेले नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

त्याला अडाणी म्हणू नका. डिप्लोमा घेऊन नोकरीसाठी या शहरात पहिल्यांदा आलो, तेव्हा मीसुद्धा एसटी स्टँडवर बॅगेवर डोके ठेवून रात्र जागूनच काढली. उपाशी, दमलेल्या आणि एकट्या माणसाला पहिला गोड शब्द खराच वाटतो.

जुलै 2016 पासून कांदा, फळे, भाजीपाला यार्डाबाहेर विकायला कायद्याने मोकळीक आहे. चांगलेच आहे. पण बाहेर चढाओढीची बोली नसते, हे ध्यानात ठेवा. आणि आडत खरेदीदाराने द्यायची, शेतकऱ्याने नाही, हेही त्याच वेळी ठरले आहे.

यार्डात गेले म्हणजे सोने होते असेही नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे, भाडे-हमाली-तोलाई वजा जाता, 2 रुपये मिळाले. तेही पुढच्या तारखेच्या धनादेशाने! तेव्हा गाडी भरण्याआधीच दोन दिवसांचे भाव विचारा, भाडे तरी सुटते का बघा. भाकरी, शेंगाचटणी, पाण्याची बाटली आणि घोंगडी बरोबर घ्या. मुक्कामाची सोय फोनवर आधीच विचारा. रात्री सौदा करू नका. पट्टी घेतल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय यार्ड सोडू नका.

बाजार समित्यांनाही एक विनंती. हंगामात रात्री गेटवर एक टेबल, एक दिवा आणि मराठी-कानडी बोलणारा एक माणूस बसवा. खर्च फार नाही. नवख्या माणसाला माल कुठे उतरवायचा, कुठे झोपायचे, लिलाव किती वाजता, एवढे सांगणारे कोणी भेटले तरी पुरे.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, पोराला पहिल्या खेपेला एकटा पाठवू नका. आपण सहा महिने राबून पिकवतो, ते एका रात्रीच्या भीतीपोटी घालवू नये, एवढेच सांगणे.