खिशातल्या चाकूत कामाचे काय?

स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी अनेक अवजारांचा चाकू नोंदविला. पुढे त्यात भर पडतच गेली. आम्ही कापडवाले मात्र तीनच गोष्टींचे पैसे मोजू. गाठीची सुतळी तोडायला पाते हवेच. पण ताक्यावरचा सुटलेला धागा पात्याने ओढलात तर कापडाला चीर जाते, आणि मग त्या ताक्याला गिऱ्हाईक हात लावत नाही. तिथे छोटी कात्रीच पाहिजे. चाकू घेताना आधी तीच चालवून बघा. तिसरा चिमटा, बोटातले कुसळ काढायला. बूच काढायचा स्क्रू पहिल्या चाकूतही होता, आमच्या काय कामाचा? करवत म्हणजे खिशाला ओझे. खरेदीला विमानाने जाताना चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत अडकतो; मोठ्या सामानात टाका.