मोर्चा आणि मीटिंग

दारूच्या दुकानाविरुद्ध मोर्चा कसा काढावा, हे आपल्या कार्यकर्त्याला शिकवावे लागत नाही. स्त्रियांच्या सह्या, ग्रामसभेचा ठराव, तहसील कचेरीपुढचे धरणे ही वाट त्याच्या पायाखालची आहे. परंतु त्याच मोर्चात घोषणा देणारा एखादा सहकारी रात्री चोरून पितो आणि एके दिवशी मान खाली घालून 'मला यातून सुटायचे आहे' म्हणतो, तेव्हा त्याला कोठे न्यावे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? आपण त्याला शपथ घ्यायला लावतो, पदावरून दूर करतो, किंवा सारे दिसत असूनही डोळेझाक करतो. तिन्ही प्रकारांत तो माणूस आपल्याला अंतरतो.

मद्यपाशात सापडलेल्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी चालविलेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या मीटिंगा भारतात १९५७ पासून भरत आहेत. महाराष्ट्रात त्या मराठीतूनही चालतात. जागा बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल. फी नाही, पिणे थांबविण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, बाहेरचा पैसा घेतला जात नाही. एकेक जण उठून आपली कहाणी सांगतो आणि इतर ऐकतात. मध्येच कोणी उपदेश करीत नाही. आमच्या बैठकांची ज्यांना सवय आहे त्यांना हे शेवटचे कलम सर्वांत अवघड जाईल!

या पद्धतीचे मर्म तिच्या जन्मकथेतच आहे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरी बिल विल्सन हा शेअर दलाल धंद्यात अपयश पदरी घेऊन हॉटेलात एकटा उभा होता. त्याची दारू सुटून काही महिनेच झाले होते आणि समोर बार होता. आपण आता घसरणार, या भीतीने त्याने दुसऱ्या मद्यपीचा शोध घेतला. डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद त्याला भेटला. विल्सन त्याच्याशी बोलला तो आपला स्वतःचा तोल टिकावा म्हणून. येथे उपकारकर्ता आणि उपकृत असे दोन वर्ग नाहीत. समतेवर भाषणे देणाऱ्यांनी हे पाहून ठेवण्यासारखे आहे.

तरीही समाजवादी मनाला येथे दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की ही संघटना दारूबंदीच्या प्रश्नावर कोणतीच भूमिका घेत नाही. मद्यावरील करातून सरकारी तिजोरी भरत असताना हे मौन आम्हालाही प्रथम पळपुटेपणाचे वाटले. पण त्यामागे इतिहास आहे. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी सुरू केलेली 'वॉशिंग्टोनियन' चळवळ झपाट्याने फोफावली आणि दारूबंदीसारख्या राजकीय वादांत ओढली जाऊन काही वर्षांतच विरून गेली. सरकारशी भांडण्याचे काम आपले आहे. ते त्या खोलीवर लादू नये. तेथे पक्षाचे पत्रक वाटण्याचा मोहही आवरावा.

दुसरी गोष्ट ईश्वराची. बारा पायऱ्यांत 'उच्च शक्ती'चा उल्लेख आहे आणि विवेकवादी कार्यकर्ता तेथे अडतो. तिचा अर्थ ज्याने त्याने लावावा अशी मुभा आहे. समोर बसलेला समूह हीच आपली शक्ती मानून कित्येक नास्तिक तेथे टिकले आहेत. ज्याला प्रमाण हवे त्याने २०२० मधील कॉक्रेन आढावा पाहावा. २७ अभ्यासांतील दहा हजारांवर व्यक्तींच्या माहितीवरून त्यात असा निष्कर्ष निघाला की, या मार्गाकडे पद्धतशीरपणे वळविणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत इतर प्रचलित उपचारांहून सरस ठरतात.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावरही बेतते. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे, मग मीटिंगला. अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रात उपचार आणि समूहाचा आधार दोन्ही मिळतात. जवळचे केंद्र १४४४६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क दूरध्वनीवर विचारता येते. मीटिंगचा वार, वेळ व पत्ता संघटनेच्या संकेतस्थळावर किंवा मदतवाहिनीवर मिळतो. जेथे जवळपास मीटिंग नाही तेथे ऑनलाइन मीटिंगची सोय आहे. पत्नीसाठी, आईवडिलांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हा वेगळा गट असतो. तिचे दुःख आपण नेहमी मोर्चापुरतेच आठवतो.

प्रत्येक तालुका समितीने ही माहिती आधीच काढून ठेवावी. मीटिंग खुली असेल तर कार्यकर्त्याने एकदा स्वतः जाऊन मागच्या बाकावर बसावे, तेथे ऐकलेले तेथेच ठेवावे. बंद असेल तर सहकाऱ्याला दारापर्यंत सोबत करून बाहेर थांबावे. तो परतल्यावर आत काय झाले, हे विचारू नये. आणि त्या वारी समितीची बैठक ठेवू नये.