विश्लेषण : फुप्फुसाची ‘टक्केवारी’ नेमकी कोणाच्या तुलनेत?

स्पायरोमेट्रीच्या अहवालावर ‘७३ टक्के’ असा आकडा दिसला की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे २७ टक्के फुप्फुस गेले का? तसे नसते. हे ७३ टक्के एका ‘निरोगी’ माणसाच्या तुलनेत काढलेले असतात. हा निरोगी माणूस कोण धरायचा, यावरच गेली काही वर्षे वाद सुरू आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशानुसार वेगवेगळी सूत्रे सोडून सर्वांसाठी एकच सरासरी सूत्र वापरण्याची शिफारस केली. दमा आणि सीओपीडीचे कोट्यवधी रुग्ण असलेल्या भारतासाठी हा बदल केवळ तांत्रिक नाही.

स्पायरोमेट्रीत मोजतात काय?

नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जमेल तितक्या जोराने, हवा संपेपर्यंत फुंकायचे. एकूण किती हवा बाहेर आली, ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या एका सेकंदात किती आली, ती एफईव्ही-१. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की गुणोत्तर मिळते. श्वासनलिका पसरवणारे औषध दिल्यानंतरही ते ०.७० पेक्षा कमी राहिले, तर हवेच्या वाटेत कायमचा अडथळा आहे असे मानतात. धाप, खोकला आणि धूम्रपान किंवा धुराचा इतिहास जोडीला असेल तर निदान सीओपीडीकडे जाते.

ही ०.७० ची रेषा सोयीची आहे, अचूक नाही. वय वाढते तसे हे गुणोत्तर निरोगी माणसातही घसरते. त्यामुळे एकाच रेषेने म्हाताऱ्यांपैकी काही विनाकारण रुग्ण ठरतात आणि तरुणांपैकी काही खरे रुग्ण सुटतात.

चाचणीचा कच्चा दुवा यंत्र नसून फुंकणे हा आहे. किमान तीन प्रयत्न नीट व्हावे लागतात आणि त्यातल्या सर्वोत्तम दोघांत १५० मिलिलिटरहून अधिक फरक चालत नाही. ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ असे ओरडणारा तंत्रज्ञ म्हणूनच महत्त्वाचा. त्याने कंटाळा केला, तर अहवाल छापून येतो खरा, पण त्याला अर्थ नसतो.

मग दमा आणि सीओपीडी वेगळे कसे करतात?

पहिल्या फेरीनंतर सालब्युटामॉल देऊन १० ते १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडा बराच सुधारला, तर दम्याची शक्यता वाढते. ‘बराच’ म्हणजे किती, याची व्याख्याही बदलली आहे. पूर्वी रुग्णाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यापेक्षा १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटर वाढ लागत असे. २०२२ च्या युरोपीय-अमेरिकी निकषानुसार अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून अधिक वाढ हवी. म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच बदलला. जुन्या पद्धतीत मुळात आकडा कमी असलेल्या रुग्णाची छोटी सुधारणाही टक्क्यांत मोठी दिसत असे.

तरीही सीमारेषा पुसटच राहते. सीओपीडीच्या अनेक रुग्णांचा आकडाही औषधाने सुधारतो आणि एकाच रुग्णात आज सुधारतो, पुढच्या खेपेला नाही.

श्वासनलिकांची ‘संवेदनशीलता’ म्हणजे काय?

उदबत्तीचा धूर, फोडणीचा ठसका किंवा थंड हवा यांनी काहींच्या श्वासनलिका चटकन आवळतात. ही चिडखोर वृत्ती मोजण्यासाठी मेथाकोलिन चाचणी आहे. मेथाकोलिन या औषधाची फवार कमी मात्रेपासून वाढवत नेत श्वासातून देतात आणि प्रत्येक टप्प्यावर एफईव्ही-१ मोजतात. तो २० टक्क्यांनी घसरला की थांबतात. जितक्या कमी मात्रेत घसरण, तितकी संवेदनशीलता अधिक. ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत घसरण झाली नाही, तर प्रतिसाद सामान्य धरतात. एफईव्ही-१ आधीच खूप कमी असलेल्यांवर ही चाचणी धोक्याची असल्याने करत नाहीत. म्हणजे ज्यांचा आजार पुढे गेला आहे, त्यांच्याबाबत हा मार्गच बंद होतो.

दम्यात या चाचणीचा अर्थ बराच सरळ आहे. सीओपीडीत तो गुंतागुंतीचा होतो. कारण भूमितीत आहे. नळीतून हवा संथ वाहत असेल तर तिचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की रोध १६ पट. त्यामुळे आधीच अरुंद झालेली नलिका थोडीशी आवळली तरी आकडा धाडकन पडतो. मग तो पडला तो नलिका चिडखोर आहे म्हणून, की मुळात अरुंद आहे म्हणून? चाचणी हे सांगत नाही.

अमेरिका आणि कॅनडातील ‘लंग हेल्थ स्टडी’ने हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर समोर आणला. सौम्य ते मध्यम अडथळा असलेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांच्या या पाहणीत संवेदनशीलता पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळली. त्याचे बरेचसे श्रेय स्त्रियांच्या लहान श्वासनलिकांना देण्यात आले. मात्र भूमितीवर सगळे ढकलता येत नाही. ज्यांची संवेदनशीलता अधिक आणि ज्यांनी धूम्रपान सुरूच ठेवले, त्यांची फुप्फुसाची क्षमता पुढील वर्षांत अधिक वेगाने घटली.

आपल्याकडे चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते की, जगातील सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. ‘बिडी ओढत नाही, म्हणजे दमाच असणार’ हा अंदाज म्हणूनच फसतो.

भारतात प्रश्न किती मोठा?

जागतिक आजारभार अभ्यासानुसार २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे ३ कोटी ८० लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या दीर्घ आजारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांत ३२ टक्के. २०२४ च्या जागतिक सीओपीडी दिनाचा विषय ‘आपल्या फुप्फुसाची क्षमता जाणून घ्या’ असा होता. रक्तदाब मोजल्याशिवाय गोळी सुरू करणारा डॉक्टर विरळाच, पण एकदाही न फुंकता वर्षानुवर्षे पंप घेणारे रुग्ण गावोगावी भेटतात.

‘निरोगी’ भारतीय कोण?

अपेक्षित आकडा वय, उंची आणि लिंग यांवरून काढतात. आजवर त्यात वंशाचीही भर होती. भारतीयांसाठी गोऱ्या युरोपीयांच्या सूत्रातून सरसकट १० टक्के वजा करण्याची पद्धत अनेक ठिकाणी राहिली. समजा, सूत्राने अपेक्षित आकडा ३ लिटर दिला आणि रुग्णाने २.२ लिटर फुंकले. टक्केवारी आली ७३. वजावट केली की अपेक्षित २.७ लिटर आणि टक्केवारी ८१. ज्यांच्या गुणोत्तरात अडथळा दिसतो, त्यांच्यात ८० ही सौम्य आणि मध्यम आजारामधली सीमा आहे. फुप्फुस तेच, फुंकर तीच, पण रुग्णाचा वर्ग बदलला. गुणोत्तरावर मात्र याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणजे अडथळा आहे की नाही हे बहुधा टिकते. तो किती गंभीर, हे हलते.

याला पैशाची बाजूही आहे. सूत्र बदलल्यास अमेरिकेत सुमारे १ कोटी २५ लाख लोकांच्या श्वसनदोषाचे वर्गीकरण बदलू शकते, असे २०२४ मधील एका विश्लेषणात दिसले. त्यावर नोकरीची पात्रता आणि अपंगत्वाची भरपाई अवलंबून असते. सिलिकॉसिसच्या भरपाईसाठी झगडणाऱ्या आपल्याकडच्या खाणकामगाराच्या दाव्यातही हाच आकडा पुढे येऊ शकतो.

मग एकच जागतिक सूत्र हा उपाय आहे का? पूर्णपणे नाही. २०१२ च्या सूत्रांत गोरे, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई आणि आग्नेय आशियाई असे चार गट होते. भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गट नव्हता. नवे ‘जागतिक’ सूत्र याच चार गटांना समान वजन देऊन बनले आहे. भारतात काम झालेच नाही असे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी १९८२ मध्ये भारतीय प्रौढांचे आकडे प्रसिद्ध केले. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये उत्तर भारतीयांसाठी सूत्रे दिली. पण कोकणातल्या माणसाला ती किती लागू, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. १७ देशांतील ‘प्युअर’ पाहणीत दक्षिण आशियातील धूम्रपान न करणाऱ्या निरोगी लोकांची एफईव्ही-१, वय-उंची जुळवूनही, उत्तर अमेरिका व युरोपपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी निघाली. हे सगळे ‘जात्याच असे’ म्हणून सोडायचे, की बालपणीचे कुपोषण आणि धूर यांचा हिशेब त्यात दडला आहे? भारतीयांसाठी वेगळी खालची रेषा आखली, तर ते नुकसानच ‘सामान्य’ ठरण्याचा धोका आहे. न आखली, तर धडधाकट माणसांवर आजाराचा शिक्का बसू शकतो.

रुग्णाने काय पाहावे?

अहवालात अपेक्षित आकडा कोणत्या सूत्राने काढला, त्याचे नाव बहुधा बारीक अक्षरात छापलेले असते. दोन वर्षांचे अहवाल ताडताना ते एकच आहे का, हे पाहावे. प्रयोगशाळा किंवा सॉफ्टवेअर बदलले की टक्केवारी उगाच वरखाली होऊ शकते. अशा वेळी लिटरमधले आकडे ताडणे अधिक सुरक्षित. चाचणीपूर्वी नेहमीचा पंप किती तास बंद ठेवायचा, हे औषधानुसार बदलते : सालब्युटामॉलसाठी साधारण ४ ते ६ तास, दीर्घकाळ काम करणाऱ्या औषधांसाठी एक ते दोन दिवस. तो बंद ठेवायचा की नाही, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.