आई निजली आहे, गप्प राहा!

दीर्घ आजार असलेल्या घरात मुलांच्या कानी सर्वाधिक वेळा कोणते वाक्य पडते, असे कुणी विचारल्यास आमचे उत्तर ठरलेले आहे : "आई निजली आहे, गप्प राहा!" आम्हीही ते वर्षानुवर्षे उच्चारले.

पूर्व विदर्भातील आपल्या समाजाला सिकलसेल अपरिचित नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. एरवी सुमारे 120 दिवस जगणारी पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. अशा पेशी रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे असह्य ठणकतात. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पिणे, एवढे निमित्तही पुरते. आमच्या घरी हा आजार मुलांच्या आईला आहे. सकाळी हसतमुखाने भाकरी थापणारी आई दुपारी भिंतीकडे तोंड करून कण्हत पडते. जखम नाही, प्लास्टर नाही. सहा वर्षांच्या मुलाने याचा अर्थ लावायचा तरी कसा?

अशाच एका दुपारी आमच्या धाकट्याने जेवणाचे ताट भिरकावले. "तू नेहमीच झोपून असतेस!" तो ओरडला. आम्ही दटावले, "तुझ्यामुळेच तिचे दुखणे वाढते." लेकरू गप्प झाले, ते कित्येक महिने. शेजारीपाजारी म्हणत, किती समंजस पोर! आम्हांसही अभिमान वाटे. इतिहास शिकविणाऱ्याने मौनाला समाधान समजावे, याची आज लाज वाटते. पुढे एका रात्री त्याने आईला हळूच विचारले, "मी ताट फेकले, म्हणूनच तुझी हाडे दुखतात ना?"

त्या रात्री तिने त्याला सांगितले की हा आजार तिच्या रक्तात जन्मापासून आहे, तो कुणाच्या रागाने येत नाही. आमचे मत तेव्हापासून पक्के झाले. अशा मुलाचा संताप हा बहुधा उद्धटपणा नसतो; ती भीती असते. ताट फेकू देऊ नये, पण रागावू जरूर द्यावे. उचलून घेण्याचे बळ नसले तरी अंथरुणावरून हात पुढे करता येतो, "जत्रेला जाणे राहिले म्हणून तुला राग आला, होय ना?" एवढे म्हणता येते. वेदनेत तेही नेहमी साधत नाही. तोंडून कठोर शब्द जातो. मग बरे वाटल्यावर "माझे चुकले" म्हणावे. त्याने आईबापांचा मान जातो, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आमचा मतभेद आहे.

वसतिगृहातही हेच घडते. भेटीच्या रविवारी ज्याचे कुणी आले नाही, तो संध्याकाळी शेजारच्या खाटेवरील मुलाला मारतो. शिक्षा होते, घरी आई अंथरुणाला खिळली आहे, हे कुणाला ठाऊकच नसते. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून पुष्कळ घरी आजार झाकला जातो, हेही आम्ही जाणतो. तरी पालकांना विनंती आहे : निदान वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. आमच्यापाशी ते राहील. प्रवेश-अर्जात विद्यार्थ्याच्या आजारासाठी रकाना असतो, पालकांच्या आजारासाठी नसतो. येत्या वर्षापासून तो ठेवावा, अशी आमची सूचना आहे.